तुरीच्या डाळीतल्या पिवळ्या गोळ्या

माझा नवरा बर्म्याच्या लढाईवरनं पहिल्यांदा रजेवर आला तो पिवळा होऊन आला.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या पिवळ्या रंगामुळंच घडलं. थोडाथोडका पिवळा नव्हे. कपाळ, मान, हाताचे तळवे, कानाच्या पाळ्या, सगळं एकाच रंगात बुडवून काढल्यासारखं. खाकी शर्टाची बाही वर सारली की आतलं कोपरसुद्धा पिवळं. डोळे तेवढे पांढरेस्वच्छ होते. पण त्या डोळ्यांकडं कोणी नीट बघितलं नाही. मीपण नाही, आणि बघायची खरी सवड तर मलाच होती.

आमच्या लग्नाला अडीच वर्षं झाली होती. त्यातले आठ दिवस ते घरी होते. अंगाची हळद नीट निघाली नव्हती तोवर पलटणीचा कागद आला आणि गेले. त्यामुळं गावाला बोलायला आयतंच मिळालं. बैलगाडीतनं त्यांचा पाय खाली पडला नाही तोवर शेजारच्या काकी म्हणाल्या, "आगं बया, ह्याची हळद अजून उतरली न्हाई."

दोन दिवसांत हे सगळ्या गावात झालं. पारावरनं जाताना लोक विचारायचे, "काय नवरदेव, वरात कवा काढायची?" हे हसायचे. मला मात्र पाणी आणायला जायची लाज वाटायला लागली. आडावर बायका म्हणायच्या, "तुझं बरं हाय गं, फोडनीला हळद लागतच नसंल."

ह्यांनी पहिल्याच दिवशी ओसरीवर बसून सगळं सांगितलं होतं. तिकडं बर्म्याच्या जंगलात डास लय. डास चावला की ताप, आणि तो ताप कधी कधी डोक्यात जातो, चांगला धडधाकट गडी बरळायला लागतो आणि मग उठत नाही. म्हणून पलटणीत रोज एक पिवळी गोळी खायला लागते.

"साहेब म्होरं उबा ऱ्हातो," हे म्हणाले. "गोळी तोंडात टाकायची, पानी प्यायचं, मग तोंड उघडायचं, जीभ वर करायची. गिळल्याबिगर सुट्टी न्हाई. त्या गोळीचा रंग हाय ह्यो."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापत ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमाला काय कमी डास चावलं? आमी झालो पिवळं?"

"आये, तुला हिकडलं डास चावलं."

"डास तो डास. तुला कावीळ झालीया लेका. तुज्या साहेबाला काय कळतंय?"

आमचं सासरचं गाव विट्याच्या वर, वडूजच्या वाटेला. कोरडं रान, बाजरी, मटकी, मेंढरं. प्यायला पाणी पुरत नाही तिथं डासाला कुठनं पुरणार? माझं माहेर माधवनगरचं, वडील गिरणीत. तिकडं संध्याकाळी कडुनिंबाचा धूर केल्याशिवाय बसवत नाही. त्यामुळं डासांच्या बाबतीत मी स्वतःला शहाणी समजायची. आणि मी मनात म्हणाले, डास चावल्यानं खाज येते, बरळायला कुठं होतंय?

मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "बघू." ते सगळ्यालाच 'बघू' म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी पलीकडच्या वाडीवरनं कावीळ उतरवणारा आणला. त्यानं परातीत चुन्याचं पाणी घेतलं, ह्यांचे हात त्यात धरले आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत चोळले. पाणी पिवळं झालं. मी परात उचलायला गेले तेव्हा डोळ्यानं बघितलं, चांगलं पिवळं. सगळी ओसरी 'आँ' करून बघत राहिली. त्यानं पथ्य सांगितलं. मीठ बंद, तेल बंद, तिखट बंद, "आनि ती विलायती गोळी तर अजाबात बंद. कावीळ तिच्यामुळंच रक्तात दडून बसलीया."

त्या संध्याकाळी हे मला म्हणाले, "आयेपुढं मी गोळी घेत न्हाई. डबी ट्रंकेत हाय. रोज जेवल्यावर एक. रजा सपोस्तवर चुकवायची न्हाई. तू आठवन करायची, काय?"

मी म्हणाले, "व्हय."

आणि चार दिवस केलीसुद्धा. हे मी मुद्दाम लिहितेय.

पण माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न महिन्यावर आलं होतं, माधवनगरला. गिरणीतली सगळी बिऱ्हाडं जेवायला, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी येणार, आणि माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र यायला लागलं. मांडवात हळद लावलेला नवरदेव पाटावर बसलाय आणि शेजारी माझा नवरा उभा आहे, त्याच्यापेक्षा पिवळा. माझ्या मैत्रिणींना मी चांगली ओळखते. त्यांनी मला जन्मभर सोडलं नसतं.

मग एका दुपारी ट्रंक उघडली, डबी काढली आणि तुरीच्या डाळीच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी पुरली. मनात म्हटलं, महिनाभर नाही खाल्ली तर काय होतंय. लग्न झालं की काढून देऊ.

त्यांनी ट्रंक तीनदा उलटी केली. मी बाजूला उभी राहून चादरी झटकत होते.

"उंदरानं नेली असंल," मी म्हणाले.

"मग गावात पिवळा उंदीर हुडकाया पायजे," हे म्हणाले.

दोन दिवस हुडकली. मग त्यांनाही कंटाळा आला. म्हणाले, "जाऊ दे, हितं कुटला आलाय डास." आम्हां दोघांनाही वाटलं की डास बर्म्यात राहिला आणि माणूस घरी आला, संपलं. डास जे द्यायचं ते देऊन बसलाय आणि ते रक्तात गप पडून आहे, हे काय आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांना सांगितलं असेल, पण इंग्रजीत.

दोन आठवड्यांत रंग उतरायला लागला. आधी कान, मग मान. तळवे सगळ्यांत शेवटी. तीन आठवड्यांत माझा नवरा गव्हाळ दिसायला लागला आणि कावीळवाल्याची कीर्ती थेट वडुजापर्यंत गेली. गुडघे दुखणारे लोकसुद्धा त्याच्याकडं हात धुवायला जायला लागले. तो स्वतः येऊन ह्यांना उन्हात उभं करून बघून गेला आणि पुरणपोळी खाऊन गेला. आत्याबाई दोन वेळा वाढायला उठल्या. मी लग्नाला नेसायचं लुगडं दोनदा काढून बघितलं.

लग्नाला सहा दिवस राहिले असताना ह्यांना थंडी वाजली.

उन्हात बसले तरी दात वाजायचे. मग ताप, मग घाम, मग डोकं दुखतंय म्हणून भिंतीला टेकून बसणं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाहेर कोन उबं हाय?" बाहेर शेळी होती. तिसऱ्या दिवशी ते मला ओळखेनात. हिंदीत बोलायला लागले. आमच्या घरात हिंदी कोणाला येत नव्हती, पण हुकूम आहे एवढं कळायचं. "सर नीचे रखो. आवाज मत करो." दर वेळी ओसरीवरची सगळी माणसं खरंच गप व्हायची.

आत्याबाईंचं तोंड उतरलं. म्हणाल्या, "बर्म्यातनं कायतरी संगं आलंय." आणि चौथ्या दिवशी सकाळी देवऋषी बोलावला.

त्यानं लिंबू, अंगारा, सगळं मांडलं. ह्यांच्या समोर बसून दरडावून विचारलं, "कोन हाईस तू? सांग."

ह्यांनी डोळे न उघडता आपला पलटणीतला नंबर सांगितला. पूर्ण.

देवऋषी आमच्याकडं बघायला लागला. त्याच्या आयुष्यात कुठल्या भुतानं नंबर सांगितला नव्हता. त्यानं परत विचारलं, "कुटनं आलास?" ह्यांनी परत नंबर सांगितला आणि वर "आवाज मत करो" म्हणाले. तेव्हा देवऋषी आवाज खाली आणून मामंजींना म्हणाला, "पावनं, ह्यो आपल्या हिकडचा न्हाई. ह्याला मराठी येत न्हाई. माझं मंतर ह्याला कळायचं न्हाईत. पलटनीतलं भूत हाय, पलटनीतला मानूस आना. हुकूम करून भाईर काडाय पायजे."

आता हे दुसऱ्या कुठल्या गावात झालं असतं तर लोक हसले असते. आमच्या गावात घराआड एक माणूस फौजेत. सगळ्यांना हे लगेच पटलं. भूत पलटणीतलं, मग हुकूमही पलटणीतलाच पाहिजे. मामंजी पहिल्यांदाच 'बघू' न म्हणता उठले आणि वरच्या आळीच्या पेन्शनर हवालदाराला घेऊन आले. हे म्हातारबुवा पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. हुकूम करायचाय असा निरोप गेल्यामुळं ते कोट घालून, बिल्ले लावून, मिशीला तेल लावूनच आले.

पायाशी उभे राहिले आणि ओरडले, "सावधान."

ह्यांचा पायसुद्धा हलला नाही. मामंजी मात्र ताठ उभे राहिले, आणि ते कधी फौजेत नव्हते.

म्हातारबुवांनी परत ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वाकून ह्यांच्याकडं बघितलं. कपाळाला हात लावला. डाव्या बरगडीखाली पोट दाबलं. पापणी वर करून डोळा बघितला. मग बिल्ल्यांचा कोट काढून माझ्या हातात दिला आणि जमिनीवर बसले.

"ह्ये भूत न्हाई," ते म्हणाले. "ह्यो डास हाय."

काकी म्हणाल्या, "आवं हवालदार, एवडासा डास आनि एवडा गडी येडा करंल व्हय?"

"बसऱ्याला लय बघितलीत अशी. गोळी लागून पडली त्यापरीस ह्या तापानं जास्त पडली. डोक्यात चढला की मानूस आसंच बोलतो. मग बोलायचं बंद हुतो." त्यांनी मामंजींकडं मान वळवली. "गड्या, हल्ली पलटनीत ह्येच्यावर पिवळी गोळी देत्यात म्हनं. ह्यो खात हुता का न्हाई?"

"कावीळवाल्यानं बंद केली," मामंजी म्हणाले.

"कावीळ? डोळं पिवळं हुतं का ह्याचं?"

मामंजींनी आत्याबाईंकडं बघितलं. डोळे पांढरे होते, हे मला तेव्हा आठवलं.

"मग गोळ्या कुटं हायत?"

मी आत गेले. मडक्यात हात घातला. डाळ इतकी ओतली बाहेर की ओसरीपर्यंत गेली. डबी घेऊन आले आणि म्हातारबुवांच्या हातात ठेवली. माझा हात कोपरापर्यंत डाळीच्या पिठानं पिवळा झाला होता. मी आत्याबाईंकडं बघितलं नाही.

म्हातारबुवांनी डबी हलवून बघितली. "आता ह्याला गिळता येत न्हाई. आता सुईच पायजे, क्विनिनची. सांगलीला न्या. आत्ताच्या आत्ता, जेवनखान न करता."

त्यांचं बोलणं संपतंय तोच ह्यांचे हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली आणि सगळं अंग थरथरायला लागलं. म्हातारबुवांनी त्यांना कुशीवर वळवलं आणि धरून ठेवलं. ते थांबल्यावर हे नंबरही सांगेनात. तोवर मला त्या नंबराचा राग यायचा. आता वाटायला लागलं, एकदा सांगा.

विट्यापर्यंत बैलगाडी, पुढं सर्विस मोटार. लढाईत पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून ती कोळशावर चालायची. मागं भट्टीचं पिंप, किन्नर, म्हणजे क्लीनर, उतरून पंखा फिरवणार, मग ती खोकत खोकत निघणार. ह्यांना मागच्या बाकावर आडवं घातलं, डोकं माझ्या मांडीवर. तासगावच्या अलीकडं चढ लागला आणि मोटार थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "सगळी उतरा, ढकला." सगळी उतरली. मी मागच्या काचेतनं बघितलं, तर आत्याबाई कासोटा घट्ट करून सगळ्यांच्या मधे, खांदा लावून, आणि दोन्ही बाजूच्या बाप्यांना सांगतायत, "दम न्हाई का रं अंगात? भाकरी खाऊन आलायसा न्हवं?"

सांगलीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरांनी बोटातनं रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरला आणि दुर्बिणीत बघत बसले. मग म्हणाले, "हिवताप आहे. मेंदूपर्यंत गेलाय. उशीर झालाय, पण फार नाही. आज आणि उद्या काय होतंय ते बघायचं." शिरेत सुई लावली, बाटली टांगली. मग आमच्याकडं वळले. "फौजेतला माणूस आहे. गोळ्या कोणी बंद केल्या?"

"मी," आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाई, मी," मी म्हणाले. "मी लपवल्या. डाळीत."

"ती पोरगी हाय, तिला काय कळतंय. मी कावीळवाला आनला."

"पन ते चोरून खात हुते. मी डबी..."

"गप बस." आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "डाळ कोन शिजवतं घरात? तू पुरल्यावर चौथ्या दिशी माज्या हाताला लागली ती डबी. मी परत खाली दाबली. वर आनि दोन शेर डाळ वतली."

म्हणजे तीन आठवडे आम्ही दोघी एकाच मडक्यातली डाळ काढत होतो, आणि दोघीही वरवरची काढत होतो.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "दोघींनी मिळून केलंय, असं धरू. आता एकीनं पाणी आणा आणि दुसरीनं ह्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवा. भांडण नंतर करा."

भांडण झालंच नाही. तीन दिवस आम्ही पाळीपाळीनं पट्ट्या बदलल्या. त्या उठल्या की मी बसायची, मी उठले की त्या बसायच्या, आणि दोघींतलं बोलणं एवढंच, "पानी गार हाय का?" "हाय." मैलदोन मैलांवर माझ्या माहेरी मांडव पडला होता. वडील रोज येऊन जायचे, पायाशी उभे राहायचे, आणि मला घरी चल म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही. बहिणीच्या हळदीला मी नव्हते. लग्नालाही नव्हते. त्या दिवशी लांबनं ताशाचा आवाज आला असं मला वाटलं. आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई, गिरनीचा भोंगा हाय." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "जाऊन ये जा. मी हाय हितं." मी गेले नाही. मला भीती होती की मी गेले की हे जातील. येडेपणा होता, पण होता.

ताप उतरला होता. डॉक्टर सकाळी म्हणाले, "आता जागं व्हायला हवं." पण जाग येईना. हाक मारली की पापणी हलायची, बस.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण आणि तिचा नवरा पाया पडायला आले. मांडवातनं सरळ, मुंडावळ्या सोडून, पण हळद तशीच. हात, पाय, गळा, गाल, सगळं पिवळंधमक. दोघं कॉटच्या पायाशी अवघडून उभी राहिली. बेशुद्ध माणसाच्या पाया पडायचं की नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी बहिणीनं वाकून ह्यांच्या पायाला हात लावला.

ह्यांनी डोळे उघडले.

आधी छताकडं बघितलं. मग खाली, त्या दोघांकडं. बराच वेळ बघितलं. बहिणीच्या पिवळ्या हाताकडं, मग नवरदेवाच्या पिवळ्या गालाकडं. मग माझ्याकडं मान वळवली आणि अगदी बारीक आवाजात, मराठीत विचारलं, "ह्यांनी बी गोळ्या चालू केल्या व्हय?"

मी हसायला लागले आणि ते हसणं कुठं रडण्यात गेलं मला कळलं नाही. आत्याबाई उठून भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. बिचाऱ्या नवरदेवाला वाटलं त्याचंच काहीतरी चुकलं. तो म्हणाला, "न्हाई, हळद हाय."

"मग उतरंल," हे म्हणाले, आणि परत झोपले. पण ही झोप वेगळी होती. घोरत होते.

सगळं समजल्यावर ते काय बोलतील याची मला धास्ती होती. डबीची गोष्ट मी स्वतःच सांगितली, शुद्धीवर आल्यावर चौथ्या दिवशी, पेज भरवताना. ते चमचा तोंडात असताना ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पिवळा उंदीर घरातच हुता." तेवढंच. आजही घरात काही सापडेना की माझ्याकडं बघतात.

पलटणीला तार गेली, रजा वाढली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगात ताकद आली की गोळी परत सुरू करायची आणि एक दिवसही चुकवायची नाही. गावी आल्यावर मी साहेब झाले. जेवण झालं की ह्यांच्या समोर उभी राहायची. गोळी, पाणी, तोंड उघडा, जीभ वर. हे म्हणायचे, "आमचा साहेब बरा हुता, त्यो निदान एकटा हुता." कारण माझ्या मागं आत्याबाई असायच्या, मी नीट बघितलं का ते बघायला.

डबी आता देवळीत, देवांच्या शेजारी होती. कावीळवाला एकदा विचारपूस करायला आला. आत्याबाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही, हातात झाडू घेऊन ओसरी झाडायला लागल्या, तो बसला होता तिथपर्यंत.

रंग हळूहळू परत चढला. रोज सकाळी आत्याबाई ह्यांना अंगणात उन्हात उभं करायच्या, तळवा धरून उलटासुलटा बघायच्या. कमी वाटला की माझ्याकडं बघायच्या. मी म्हणायची, "काल दिलीया, जीभबी बघितली."

रजा संपली तेव्हा आम्ही सगळेच विट्याला मोटारीवर सोडायला गेलो. स्टँडवर आत्याबाईंच्या वडुजाकडच्या एक लांबच्या पाहुण्या भेटल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी ह्यांना वरपासनं खालपर्यंत न्याहाळलं आणि आत्याबाईंच्या कानाशी लागल्या, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "आवं, लगीन हून तीन वर्सं झाली की. ह्याची हळद अजून उतरली न्हाई?"

आत्याबाईंनी ह्यांचा तळवा हातात घेतला, एकदा उन्हाकडं धरून बघितला आणि सोडला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आमी उतरू देत न्हाई."